कोटाच्या खिशातली नऊ नंबर

३ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. माझे गुडघे आहेत तसेच, साखर आहे तिथेच. आता हे पत्र जेवणाआधी हातात आलं असेल तर बाजूला ठेवा. जेवा, हात धुवा, मग वाचा. नंतर म्हणू नका, वहिनीनं सांगितलं नाही.

सूनबाईंनी घरात उंदीर आणलेत.

आले नाहीत, आणलेत. आलेल्या उंदराला माणूस केरसुणी घेऊन धावतो. आणलेल्याला काय करायचं, पाणी विचारायचं?

तिचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. औषधाच्या कारखान्यात उंदरांची खोली आहे, तिथले पिंजरे धुवायचे, दाणापाणी करायचं. त्यापुढचं ती सांगत नाही, मी विचारत नाही. लेक आगबोटीवर, तो काही सहा महिने तोंड दाखवत नाही. म्हणजे घरात आम्ही दोघी आणि माझी दोन मांजरं. परवा संध्याकाळी ही आली ती छातीशी पुठ्ठ्याचं खोकं धरून. मला मेलीला वाटलं, माझ्यासाठी चपला आणल्या. हात पुढे केला. खोक्याला भोकं, आणि एका भोकातून गुलाबी ओलं नाक बाहेर आलं ते माझ्या बोटाला लागलं. ते बोट मी चार वेळा साबणानं घासलंय, अजून माझं वाटत नाही.

दोन आहेत. दोन्ही माद्या. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या, वीतभर अंग आणि वर वीतभर शेपूट वेगळी. अंगभर केस आणि शेपटीवर एक नाही. खवल्याखवल्याची, थंडगार, सापाची कापून हिला शिवल्यासारखी. नावंही नाहीत. कारखान्यातले नंबर आहेत, सात आणि नऊ. मी म्हटलं, "मग रोज हजेरी मी घेऊ का?" हसली नाही. आपल्या सूनबाईंना हसायला वरून हुकूम लागतो.

वन्सं, ह्या चालतात तिथे मुततात. थेंब थेंब, टाके घातल्यासारखे. ती त्यांना बाहीत घेते, एका बाहीतून शिरतात आणि दुसरीतून निघतात. खूश झाल्या की दात करकर वाजवतात आणि डोळे खोबणीत आत-बाहेर, आत-बाहेर करतात. "आई, बघा ना, लाडात आलीय!" मी नाकाला पदर लावला. आपली लेंडी आपणच उचलून खातात. मला खोटं वाटलं, म्हणून चष्मा घालून पाहिलं. पाहायला नको होतं.

फौजदाराचं काय सांगू! चौदा वर्षांचा बोका, तोंडात तीन दात. तुमच्या दादांनी कामावर असताना विजेच्या खांबावरून उतरवून कोटाच्या खिशात घालून आणलेला, आठवतं ना? तो दिवसभर पिंजऱ्यासमोर बसून जबडा कटकटवतो. दुसरी मांजर, आमच्या बाईसाहेब, कपाटावर शेपूट फुगवून. आणि सूनबाईंचा कायदा असा: पिंजरा मागच्या खोलीत, दार बंद. उंदीर बाहेर काढले की मांजरं कोंडायची. पिंजऱ्याची कडी त्या नाकानं उचलतात, म्हणून कडीला तारेचे दोन पीळ. तार माझ्याच डब्यातली घेतली. ह्यांनी जन्मभर मला एकेक तुकडा गुंडाळून ठेवायला लावला, तो उंदरांसाठी!

तुम्ही पुन्हा कोटाचं विचारलंत. किती वेळा सांगू, हे गेले त्याच वर्षी तो मी पाणी सोडणाऱ्या माणसाला दिला. अस्तर तुम्ही लावलं होतं हे माहीत आहे. दिला तो दिला.

उंदरांच्या घरात राहणारी,
तुमची वहिनी


९ डिसेंबर

वहिनी,

जेवल्यावरच वाचलं. काही उपयोग झाला नाही, जेवलेलं राहिलं नाही.

एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईघरात काढली. पू, रक्त, ओकारी, सगळ्याच्या चादरी मोजून घेतल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या, कधी नाकाला पदर लावला नाही. पण एकदा ढिगातून उंदीर निघाला तर मी टेबलावर चढले ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरले नाही. उंदीर पांढरा असला म्हणून ससा होत नाही.

मला एक कळत नाही. घरात दोन मांजरं आहेत आणि तू मला पत्र लिहितेस? सून दिवसभर कामावर, तू घरात, पिंजरा घरात, मांजरं घरात. मी काही सांगत नाही हं. मी एवढंच म्हणते की मांजराला मांजराचं काम करू द्यावं.

मागच्या खेपेला तुझा तो पाणी सोडणारा माणूस मी पाहिला. भर थंडीत नुसत्या सदऱ्यात कुडकुडत होता. कोट दिला होतास तर घालत का नव्हता? मी त्याला आतून चोरखिसा शिवला होता, दादाच्या पकडीसाठी. बाकी काही नको मला. दादाची माझ्याकडे एक वस्तू नाही, म्हणून विचारते.

वन्सं


१५ डिसेंबर

वन्सं,

तुम्हाला बातमी द्यायची आहे. नऊ नंबर गेली.

बारा तारखेला. काय झालं, ती कडी मुळातच सैल होती. त्या दिवशी वाराही होता. मागच्या खोलीचं दार आपोआप उघडतं, तुम्हाला माहीतच आहे. अकराच्या सुमाराला मी अंघोळीला गेले होते, बाहेर येऊन बघते तर पिंजऱ्याचं दार सताड, सात नंबर कोपऱ्यात अंग चोरून, नऊ नंबरचा पत्ता नाही आणि फौजदार खिडकीत बसून मिश्या चाटतोय. मी तर घाबरलेच.

संध्याकाळी ती आली. हातपाय धुवायच्या आधी पिंजऱ्याकडे जाते, तशी गेली. मग खोली बघितली. खिडकी बघितली. पलंगाखाली, कपाटामागे, चुलीमागे बघितलं. मी आपली म्हणतेय, "अगं, कडी सैल होती," ती आपली शोधतेच आहे. जेवली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर मी चार शब्द बोलले असते. पण ती नुसती सात नंबरला हातात घेऊन बसली. आणि ती मेली सात नंबर तिच्या अंगठ्याचं नख कुरतडत होती. शी!

मला वाटलं, पीडा गेली, अर्धी तरी गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंनी कापडी पिशवी काढली. "आई, मांजरांचा दोष नाही. पण एका घरात दोन्ही नको." कारखान्याच्या वाटेवर धान्याचं गोदाम आहे, तिथल्या राखणदाराला मांजरं हवीच होती म्हणे. बाईसाहेबांनी तिचा हात ओरबाडला. फौजदार मात्र पिशवीत शिरून शहाण्यासारखा बसला. ह्यांनी खिशात घालून आणल्यापासून त्याला वाटतं, कापडात घातलं की घरीच नेतात.

मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "दूध तरी पाजून ने."

तीन दात आहेत हो त्याला. गोदामातले उंदीर मांजराएवढे असतात. तो मला वाचायला हवा, वन्सं. तुम्ही तिला काहीतरी लिहा. तुमचं ती ऐकते. लिहा की म्हाताऱ्या जनावराला असं हाकलू नये.

वहिनी


१९ डिसेंबर

वहिनी,

अकराच्या सुमाराला अंघोळ? चाळीस वर्षं तू उजाडायच्या आत अंघोळ करतेस. माझ्या बाळंतपणाला आली होतीस तेव्हा तुझ्या तांब्याच्या आवाजानं सगळं घर जागं व्हायचं. आणि वारा! वाऱ्याला तारेचे दोन पीळ सोडता यायला लागले?

कडी सैल नव्हती. तुझ्या हातानं सैल झाली.

मी तिला काही लिहिणार नाही. काय लिहू, मांजराला हाकलू नये? त्याच्या नावावर गुन्हा कोणी घातला? जा आणि तिला सांग. मांजर खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही, म्हणून आपलं फावतं.

मला तीन दिवस अन्न गोड लागत नाहीये. माझं मागचं पत्र फाडून टाक. रागात लिहिलं होतं. सुनेला सांगशील तेव्हा माझं नाव घेऊ नकोस, मी मोठी आतेसासू आहे तिची.

आज सांग. गोदामात थंडी असते.

वन्सं


२२ डिसेंबर, दुपार

वन्सं,

आधी मला शिव्या द्या. देऊन झाल्या की पुढे वाचा.

तार मी सोडली. दार मी उघडलं. फौजदाराला उचलून मीच खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात उभी राहिले, कानात बोटं घालून. मला वाटलं, फार तर एक चित्कार होईल. पुढचं मांजर बघून घेईल.

आता दुसरं. कोट मी कोणाला दिला नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाला मी साधा चहा देत नाही, कोट कुठला देते? कोट माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. चार वर्षं धुतला नाही. दर बावीस तारखेला, हे गेले त्या तारखेला, ट्रंक उघडते, कॉलरीत नाक घालते आणि बंद करते. तंबाखू, डांबर, लोखंडाचा वास, आणि त्याखाली त्यांचा. तुम्ही नेला असता तर उकळत्या पाण्यात टाकला असतात. तुम्ही मृत्यूलासुद्धा साबण लावणाऱ्या. म्हणून खोटं बोलले.

आज बावीस. ट्रंक उघडली आणि वासाचा भपकाराच आला. मुतारी आणि कुजका भुईमूग एकत्र केल्यासारखा. कोटावर पिवळे डाग. माझ्या बिस्किटांचा चुरा. (पलंगाखालच्या डब्यातली बिस्किटं कमी होत होती. मी सूनबाईंवर आळ घेत होते मनातल्या मनात. ती बिस्किटं मीसुद्धा खायची नाहीत, साखर आहे ना, म्हणून विचारताही येईना.) ट्रंकेचा मागचा कोपरा गंजून भोक पडलंय, मुठीएवढं. आणि तुम्ही लावलेलं अस्तर सगळं कुरतडून त्याचा कापूस करून डाव्या खिशात भरलेला. मला वाटलं, खिशात काहीतरी हलतंय. मी हात घातला.

हात घातला, वन्सं! सवयीनं! ह्यांच्या खिशात हात घालायची सवय चाळीस वर्षांची.

ओलं, ऊन, बिनकेसांचं. एक नाही, मूठभर. सोललेल्या बोटांसारखी गुलाबी, डोळे मिटलेले, कातडीतून पोटातलं पांढरं दूध दिसतंय. वळवळतायत एकमेकांच्या अंगावरून. अकरा. आणि चोरखिशातून नऊ नंबरनं तोंड बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. पळाली नाही. चावली नाही. माझा हात हुंगून एक पिल्लू तोंडात धरून पुन्हा आत गेली.

मी मोरीवर जाऊन ओकले. नुसतं पित्त.

म्हणजे फौजदारानं काहीच केलं नव्हतं. तीन दातांचा बोका, त्याच्या नाकासमोरून ही दाराखालच्या फटीतून निघून गेली असेल. पोटुशी होती मेली, कारखान्यातूनच. आणि तो नुसत्या मिश्या चाटत होता.

मोरीत बादली भरून ठेवलीय. ट्रंक तशीच उचलून आणली तर दोन मिनिटांचं काम. कोट धुऊन होईल, वाळत घालीन, कोणाला कळणार नाही. पण मग फौजदार गोदामातच राहील, कारण उंदीर त्यानंच खाल्ला असं ठरलेलं आहे. ही जिवंत दाखवली तर तो सुटतो. पण ही दाखवायची तर कोट दाखवावा लागतो, आणि तार कोणी सोडली तेही.

हा डावा खिसा तोच आहे, ज्यातनं हे फौजदाराला घेऊन आले होते. तेव्हाही मी म्हटलं होतं, शी, काय घाण उचलून आणलीत.

ती सहाला येते. आत्ता साडेतीन. तुमच्या उत्तराला वेळ नाही. हे पत्र खालच्या पेटीत टाकून येते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. एका माणसाला तरी खरं कळलेलं असेल.

वहिनी


२७ डिसेंबर

आत्या, नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. कामावर मी फक्त तक्ते भरते. आई म्हणाल्या, "तूच लिही, माझे हात अजून धुऊन व्हायचेत." पाच दिवस धुतायत.

बावीस तारखेला मी आले तेव्हा आई ट्रंकेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. नाकाला पदर घट्ट बांधलेला, डोळे लाल. मोरीत भरलेली बादली होती. मी बादली बघितली, आईंनी मी बघताना बघितलं.

त्या म्हणाल्या, "तुझी नऊ नंबर बाळंत झालीय. अकरा आहेत. मी मोजलीयेत, हात न लावता. आता तू मला काय ते बोल आणि माझा फौजदार आण."

मी म्हटलं, "आई, कडी सैल नव्हती."

"माहीत आहे."

"मलाही माहीत होतं."

हे तुम्हाला सांगते. मला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. कडीची तार खिडकीत होती, चार बोटांवर गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं. मांजर तार गुंडाळून ठेवत नाही. आमच्या घरात तशी तार एकच माणूस गुंडाळतं. सासरे गेल्यावरसुद्धा आईंच्या हातून तारेचा तुकडा फेकला जात नाही, गुन्हा करतानाही नाही.

मग मी मांजरं का नेली? मला वाटलं, फौजदाराला पिशवीत घातलं की आई बोलतील. त्या दुधाचं बोलल्या. मग मीही हट्टाला पेटले. आज बोलतील, उद्या बोलतील, करत नऊ दिवस गेले. म्हाताऱ्या मांजराचं मी असं करायला नको होतं. ते माझं चुकलं, आईंना तसं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "एवढं काय आहे गं त्या किड्यांत?" आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तपासण्या संपल्या की पेटीत घालायचे, झाकण लावायचं, विषारी वायूची झडप सोडायची. ते काम माझं आहे. सहा वर्षं मी करते. त्या दिवशी यादीत सात आणि नऊ होत्या. मी झाकण उघडलं आणि नऊ नंबर माझ्या बाहीत शिरली. मला हात काढता येईना. मी यादीवर दोघी संपल्याची खूण केली आणि खोकं घेऊन घरी आले.

आईंनी नाकाचा पदर सोडला. मग म्हणाल्या, "ऊठ. आधी माझं मांजर. रडायचं ते वाटेत रड."

दोघी गेलो. बाईसाहेब राखणदाराच्या मांडीवर होत्या, यायला तयार नव्हत्या. फौजदार पोत्यांच्या मागे सापडला. एक कान फाटलेला, डोळ्यात पू, अंगाला मेलेल्या घुशीचा वास. आईंनी त्याला पदरात घेतलं आणि म्हणाल्या, "शी, काय घाण झालायस रे," आणि घरापर्यंत खाली ठेवलं नाही.

तुमचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पण तुमचं पत्र त्यांनी बारीक फाडून सात नंबरच्या पिंजऱ्यात अंथरलं होतं. तुमचं अक्षर मोठं आहे, आत्या. "मांजराचं काम" एवढं सबंध वाचता आलं. मी रागावले नाही.

तुमची सून


४ जानेवारी

वन्सं,

पकडल्या गेलात ना? मोठी आतेसासू! मी नाव न घेता तुम्हाला उंदरांच्या मुतात सापडवलं. मुद्दाम नाही केलं, पण झालं ते वाईट झालं असंही म्हणवत नाही.

हालहवाल अशी. अकराच्या अकरा जगली. आता केस फुटलेत, आज एकाचा डोळा उघडला, आणि त्यानं जगात पहिलं काही पाहिलं असेल तर माझं तोंड. दोघांनाही शिसारी आली असणार. लोकांना वाटतं, म्हातारीला लळा लागला. कोणाला सांगू नका, कारण लागलेला नाही. वास तोच, शेपट्या त्याच, फक्त आता तेरा. पिलांचं पुढे काय ते सूनबाई बघणार आहेत, कारखान्यात परत जाणार नाहीत एवढं मला सांगितलंय. मी म्हटलं, "बाई, कुठेही जाऊ देत, माझ्या ट्रंकेत नकोत." आणि ऐका, ती हसली. हुकूम आला असावा.

ती दुसरं काम शोधतेय. मी काही बोललेली नाही. तिनं यायचं आणि हात धुवायचे, मी चहा ठेवायचा, मग तिनं सांगायचं आज पेटीत किती. ती सांगते, मी ऐकते. किळस येते. पण तिनं एकटीनं गिळण्यापेक्षा दोघींना येऊ दे.

फौजदाराचे दोन दात उरले. पिंजऱ्याकडे आता तो पाठ करून बसतो, खात्यातून काढून टाकलेल्या माणसासारखा. बाईसाहेब गोदामातच राहिल्या, राखणदार त्यांना मासळी घालतो. इमान म्हणून नाही मेलीला.

आता कोट. पार्सल केलाय, ह्याच पत्राबरोबर निघेल. अस्तर उरलं नाही, पण तुमचा चोरखिसा शाबूत आहे, तेवढा तिनं कुरतडला नाही. मी धुतलेला नाही. धुवायला घेतला होता, खरंच, पाण्यात बुडवायच्या आधी एकदा कॉलर हुंगली. उंदीर, उंदीर, उंदीर. तरी नाक काढलं नाही, तशीच बसले होते, आणि वाटलं, खाली कुठेतरी तंबाखू आहे. डांबर आहे. मग वाटलं, नाही, मीच आणतेय ते.

मला एकटीला ठरवता येत नाही. त्यांचा वास ओळखणारं दुसरं नाक तुमचंच आहे. तेव्हा टेबलावर चढू नका. आधी कॉलरीत नाक घाला, दम धरून, किळस आली तरी. मगच उकळत्या पाण्यात टाका.

पार्सलला बांधलेली तार फेकू नका. गुंडाळून ठेवा.

आणि वास आला तर कळवा. नाही आला तरी आला म्हणून कळवा.

तुमची वहिनी